वग वाशीला न्यायचा का?

डिसेंबर लागला की वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहाचा दर्शनी भाग फलकांनी भरून जातो. करोनाच्या आधीच्या एका डिसेंबरात तिथं काय काय लागलं होतं ते मी वहीत उतरवून घेतलं होतं. ‘संगीत देवबाभळी’. नाताळच्या सुट्टीसाठी ‘अलबत्या गलबत्या’. नवरा, बायको आणि सासरा अशा तिघांच्या गोंधळाचं एक नवं विनोदी नाटक. एका शाळेचं स्नेहसंमेलन. जुन्या हिंदी गाण्यांची मैफल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावाच्या मुंबईकर मंडळाचं ‘ट्रिकसीनयुक्त बहुरंगी नमन’. शक्ती-तुऱ्याचा जंगी सामना. आणि महिन्याच्या शेवटी हौशी मंडळींच्या एकांकिका. इतक्या तऱ्हेची माणसं एका महिन्यात एकाच दारातून आत जातात, अशी दुसरी जागा नवी मुंबईत मला तरी माहीत नाही. मॉलमध्ये जातात, पण तिथं सगळी सारखीच होऊन जातात.

ते फलक मी उगाच उतरवले नव्हते. आमच्या गावच्या मुंबईकर मंडळात तेव्हा वाद पेटला होता. आमचं गाव पाटण तालुक्यात, मोरणेच्या खोऱ्यात. चैत्रातल्या यात्रेला देवळापुढं रात्रभर वग व्हायचा. गावच्याच एका मास्तरांनी रचलेला, दरवर्षी तोच, आणि दरवर्षी वेगळा. पुढं यात्रा कमिटीत नवी पोरं आली, त्यांनी वगाच्या जागी ऑर्केस्ट्रा आणला. दोन-तीन वर्षं असं चाललं. मग देवळाच्या सभामंडपाला पैसे कमी पडले तेव्हा त्याच पोरांतल्या एकानं बैठकीत टूम काढली की वग वाशीला करू. कोकणवाले नमन करून पैसे उभे करतात, तर आपण का नाही? म्हातारी मंडळी हरखली. पण लगेच दुसरा प्रश्न आला. नाट्यगृह मिळतं तीन-साडेतीन तासांसाठी. आपला वग पाच तासांचा. मग कापायचं काय? पोरं म्हणाली, बतावणी. त्यातलं गावचं बोलणं शहरात कुणाला कळणार? नाच ठेवू, लढाई ठेवू, बतावणी उडवू. त्यावर तात्या उठले आणि म्हणाले, “मंग माजं नाव बी उडवा.” तात्या गेली तीस वर्षं बतावणीत सोंगाड्याचं काम करत होते.

मी नाटकांवर कुठंकुठं लिहितो, म्हणून निवाडा माझ्याकडं आला. तेव्हा तो महिना मी हा एकच प्रश्न खिशात घेऊन पाहिला. हे सांगितलेलं बरं, कारण पुढं मी जे म्हणतो आहे ते त्या प्रश्नाच्या बाजूनं म्हणतो आहे.

आधी नाट्यगृहावरच्या नावाबद्दल. तिकीट काढणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना भावे म्हणजे कुणी जुने नाटककार, एवढंच ठाऊक असतं. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ केलं, त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन पाळतो, हेही पुष्कळांना माहीत असतं. पण ते नाटक कसं होतं? कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीत खेळ करायला आली होती. तसा खेळ मराठीत कर, असं चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना सांगितलं. भाव्यांच्या खेळात आधी गणपती नाचत यायचा, सरस्वती यायची, विदूषक यायचा, मग आख्यान लागायचं. पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी रचून बोलायची. राक्षस आले की असा आरडाओरडा व्हायचा की पुढच्या शहाण्या लोकांनी त्या सगळ्या परंपरेला ‘अललडुर्र’ असं हिणवणारं नाव दिलं. आता गण, गवळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा क्रम घ्या. किंवा कोकणातलं नमन घ्या, सिंधुदुर्गातला दशावतार घ्या. आधी गणपती, मग सोंगं, मग आख्यान, आणि बोलणं बहुतेक पात्राच्या भरवशावर. भावे आज आले तर सोफा, टीपॉय आणि दोन दारांच्या नाटकात त्यांना आपलं काही सापडायचं नाही. नमनाच्या रात्री मात्र ते सरळ मृदंगवाल्याशेजारी जाऊन उभे राहतील.

म्हणजे घर त्यांच्या नावाचं, आणि त्यांची भावकी पाहुण्यासारखी येते. नवी मुंबईत हे जास्तच जाणवतं. इथली मूळची आगरी-कोळी गावं, त्यांच्या जमिनीवर वसलेलं शहर, आणि त्या शहरात ओझी उचलायला आलेले सातारा, सांगली, जुन्नर, आंबेगावचे लोक. तुर्भ्याच्या बाजारात कांदा-बटाटा, मसाला, धान्य, फळं, भाजी जे काही उतरतं ते ज्यांच्या पाठीवरून उतरतं त्या माथाड्यांत आमच्या तालुक्याचे किती तरी. माथाड्यांचे नेते अण्णासाहेब पाटीलही आमच्याच तालुक्यातले. १९६९ चा माथाडी कायदा झाला, पुढं कोपरखैरण्याला घरं झाली, पोरं शिकली. पण बाजारातून नाट्यगृह एवढं जवळ असून आमच्या आबांनी तीस वर्षांत त्यात पाऊल ठेवलं नव्हतं. कुणी अडवलं नव्हतं. “त्ये बसून बघायचं असतं,” एवढंच ते म्हणायचे. वगात आबा मावशीचं काम करायचे. बसून बघणं हा त्यांना खेळाचा भागच वाटत नव्हता.

‘देवबाभळी’ला मी आत्याला घेऊन गेलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून ती आमच्याकडं राहिली होती आणि नव्या डोळ्यानं काही तरी बघायचं होतं तिला. गोष्ट तिला पाठ होती. तुकोबांची आवली, दिवस गेलेली, नवऱ्याची भाकरी घेऊन डोंगर चढते. पायात बाभळीचा काटा मोडतो, आणि तो काढायला खुद्द पांडुरंग येतो. कीर्तनात ही गोष्ट इथंच संपते आणि बुवा टाळ्या घेतात. प्राजक्त देशमुखांनी नाटक तिथून पुढं नेलं. काटा लागलेल्या त्या बाईची शुश्रूषा करायला रखुमाई लखुबाई होऊन तिच्या घरी येते. रंगमंचावर दोघीच. एकीचा नवरा देवाच्या मागं गेलेला, दुसरीचा नवरा भक्तांच्या मागं. दोघींची तक्रार एकच, आणि एकीला माहीत आहे की आपण कुणाकडं तक्रार करतो आहोत, दुसरीला माहीत नाही. याहून मोठी नाट्यवस्तू गेल्या कित्येक वर्षांत मी पाहिलेली नाही.

शुभांगी सदावर्तेंची आवली विठ्ठलाला शिव्या घालते तेव्हा पहिल्या दोन शिव्यांना थिएटरात हशा झाला. तिसरीला कमी झाला, पाचवीला कुणी हसलं नाही. ही त्या नटीची कमाई आहे. हशा आल्यावर थांबून तो पिकवायचा, ही आपल्या रंगभूमीची जुनी सवय. ती थांबलीच नाही. लोक हसत होते तरी ती आपलं बोलत राहिली, जशी घरातली बाई बडबडत राहते आणि कुणी ऐकतं का याची तिला फिकीर नसते. दुखरा पाय ती विसरली नाही, हेही मी बघून ठेवलं. गाण्यात, रागात, बसताना-उठताना, सगळीकडं तो पाय तिच्याबरोबर होता. मानसी जोशींच्या लखुबाईचं काम वरवर सोपं, आतून अवघड. देवपण दाखवायचं नाही आणि झाकायचंही नाही. आनंद ओकांचं संगीत अभंगाच्या चालीतून येतं आणि संवादात मिसळून जातं. गाणं संपलं, आता टाळी, अशी फट फार कमी वेळा पडते.

एक बोचलं ते सांगतो. आवलीची वाक्यं कुठं कुठं फार घडीव आहेत. घरातलं धान्य संपलेली बाई इतकं नेमकं, दोन्ही बाजूंनी तोललेलं वाक्य बोलणार नाही. बोलली तर एखादं, आणि तेही रागात निसटलेलं. लखुबाईला ते शोभतं, ती देवी आहे. आवलीच्या तोंडी लेखक अधूनमधून डोकावतो. पण हे एवढ्या भरल्या ताटातलं मीठ कमी-जास्त म्हणण्यासारखं आहे.

आत्या नाटकभर गप्प होती. रिक्षात बसल्यावर म्हणाली, “काटा काढला द्येवानं, बेस झालं. पर मला सांग, ती भाकरी पोचली का न्हाई?” मी म्हटलं, ते नाटकात नाही. ती म्हणाली, “तिला तर त्याचीच काळजी आसनार की रं.” या नाटकावर मी बरीच परीक्षणं वाचली आहेत. ही शंका कुठं वाचली नाही.

आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनं त्या रात्री एक गोष्ट पक्की झाली. गावाकडची बोली शहरात कळत नाही, हे खोटं आहे. बोलणारा माणूस परवानगी मागत नसेल तर शहर गुपचूप बसून ऐकतं.

याच्या उलट प्रकार पुढच्या रविवारी पाहिला. ते नवं विनोदी नाटक. नाव घेत नाही, कारण असली नाटकं दर वर्षी दोन-चार येतात आणि नाव बदललं तरी गडी तोच असतो. होय, गडी. गावाहून आलेला. बंडी, पायजमा, खांद्यावर टॉवेल. त्याला कथानकात काही काम नव्हतं. त्यानं यायचं, “व्हय जी” म्हणायचं आणि हशा घ्यायचा. “न्हाई जी” म्हणायचं, हशा घ्यायचा. एकदा तो नुसता “आँ?” म्हणाला तरी लोक लोटपोट झाले. मी मान वळवून मागं बघितलं. हसणाऱ्यांत निम्मे आमचेच. गेली वीस वर्षं घरात “व्हय” आणि ऑफिसात “हो” म्हणणारे. त्यांना हसू कशाचं येत होतं हे मला कळत होतं, म्हणून जास्त राग आला. नट बरा होता. त्याच्या हाताला, डोळ्याला अंदाज होता. त्याला बोलायला एक सबंध वाक्य दिलं असतं तर त्यानं ते नाटक खिशात घातलं असतं. लेखकाकडं त्याच्यासाठी वाक्य नव्हतं, नुसता उच्चार होता.

इथं कुणी म्हणेल की बोलीवर हसायचंच नाही का? हसायचं की. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ काय आहे? १९८० मध्ये आलेलं हे मालवणी नाटक सुरुवातीला चालेना, पु. लं.च्या कौतुकाच्या पत्रानं त्याला हात दिला, आणि मग हजारोंनी प्रयोग झाले. मच्छिंद्र कांबळींचे तात्या सरपंच बघून लोक हसून रडायचे. पण त्या नाटकात सगळेच मालवणी बोलतात. त्यामुळं मालवणी बोलणं हा विनोद उरतच नाही. विनोद आहे तो गावातलं नाटक उभं करताना होणाऱ्या फजितीत, मानापानात, तालमीला न येणाऱ्या नटात, ऐन वेळी अडून बसणाऱ्या माणसात. गावात एकदा तरी पडदा बांधलेल्या माणसाला ते नाटक आपल्या घरचं वाटतं. बोलीतून हसवणं आणि बोलीला हसणं यात एवढा फरक आहे, आणि वाशीच्या त्या रविवारी तो कुणाच्या गावीही नव्हता.

आता नमन. या महिन्यातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत बिघडलेला प्रयोग.

रांगेत उभं राहून तिकीट कुणी काढलेलं नव्हतं. देणगी प्रवेशिका मंडळाच्या पोरांनी आधीच चाळीचाळींत, गाळ्यागाळ्यांत खपवल्या होत्या. नालासोपारा, दिवा, डोंबिवली, घणसोली, कुठून कुठून लोक आलेले. दारात पाहुण्यांच्या भेटी चाललेल्या. पहिली घंटा झाली तरी कुणी आत जाईना, कारण वर्षातून एकदा भेटणारी माणसं बाहेर भेटत होती. नाटकवाल्यांना ही बेशिस्त वाटते. मला तो खेळाचा पहिला अंक वाटतो. आत गेल्यावर सत्कार. नारळ, शाल, पुन्हा नारळ. पाऊण तास गेला. इथं मात्र मी मनात घड्याळाकडं बघायला लागलो, कारण हा पाऊण तास कुठून तरी वसूल होणार हे दिसत होतं.

मग मृदंग वाजला. दोन मृदंग, टाळ, आणि मागं रांगेत उभे गाणारे. पहिली दहा मिनिटं अंगावर काटा आला. गणपती नाचत आला, सरस्वती आली. संकासूर आला, काळा झगा, उंच टोपी, लांब दाढी, पायात घुंगरू. तो थेट प्रेक्षकांत उतरला आणि तिसऱ्या रांगेतलं एक पोर भोकाड पसरून आईच्या कुशीत शिरलं. आई हसत होती. तिच्याही लहानपणी संकासुरानं तिला असंच रडवलं असणार.

गवळणीपासून मात्र घसरण सुरू झाली. पेंद्या आणि मावशीची जुंपते तो भाग म्हणजे नमनाचा जीव. कोकणातल्या अंगणात तो तासभर चालतो. मावशी गावातल्या माणसांची नावं घेते, कोणाची म्हैस कुणाच्या वाडीत शिरली ते काढते, पुढं बसलेला म्हातारा तिला उत्तर देतो. वाशीला ते बारा मिनिटांत आटपलं. सत्काराची वसुली इथं झाली. आणि त्या बारा मिनिटांतही मावशीनं गावचं काही काढलं नाही. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमातले विनोद केले, जे सगळ्यांनी आधीच ऐकले होते. त्यानंतर रेकॉर्ड लावून नाच. मृदंगवाले हात मांडीवर ठेवून बसून राहिले. जिवंत वादक रंगमंचावर रिकामे बसवून त्यांच्या डोक्यावरून स्पीकरचं गाणं सोडायचं, हे मला बघवलं नाही. त्यांच्यातला एक जण खालमानेनं ताल धरत होता, बोटांनी, गुडघ्यावर.

वगात राक्षस, राजकन्या, धूर, लाल-हिरवे दिवे. ट्रिकसीन म्हणजे देवीच्या त्रिशुळातून ठिणग्या निघाल्या आणि राक्षसाचं मुंडकं उडून बाजूला पडलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या, मीही मारली. ते चांगलं केलं होतं. ट्रिकसीनला नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही; राक्षस नीट मेला पाहिजे ही प्रेक्षकाची रास्त अपेक्षा आहे. पण संवाद आधी रेकॉर्ड केल्यासारखे, पाठ केलेले. राजाचं काम करणारा गृहस्थ उंचापुरा, आवाजाचा धनी. एकदा त्याची मिशी सुटली. त्यानं ती हातात धरून प्रधानाला विचारलं, “परधाना, आमची मिशी सोडून तुम्ही काय राज्य राखता?” अख्खं थिएटर उसळलं. संध्याकाळभरात तेवढं एकच वाक्य त्या क्षणी जन्मलेलं होतं, आणि लोकांना ते बरोबर कळलं.

शक्ती-तुऱ्याबद्दल थोडक्यात, कारण तो मी निम्माच पाहिला. एका बाजूला शक्तीवाले, दुसरीकडं तुरेवाले, एकानं पुराणातलं कोडं घालायचं, दुसऱ्यानं गाण्यातूनच सोडवायचं. त्या दिवशी कोडी कमी आणि एकमेकांची उणीदुणी जास्त झाली. तरीही एक तरुण शाहीर, आवाज बसलेला, सवालाचं उत्तर जागेवर जुळवताना दोन ओळींत अडकला आणि तिसऱ्या ओळीत सुटला, तेव्हा विरुद्ध बाजूच्या वादकानंच त्याला दाद दिली. असा क्षण गाण्यांच्या मैफलीत येऊ शकत नाही, कारण तिथं कुणी अडकतच नाही.

‘अलबत्या गलबत्या’ भाच्यांसाठी गेलो. रत्नाकर मतकरींचं हे जुनं बालनाट्य, त्यातल्या चेटकिणीचं काम पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी केलेलं. आता वैभव मांगले करत होते. पोरं चेटकिणीशी भांडत होती. “मागं बघ, मागं!” म्हणून अलबत्याला ओरडून सांगत होती. चेटकीण पोरांना उत्तरं देत होती, ती संहितेतली नसणार. संकासुरानं रडवलेलं पोर आणि हे ओरडणारं पोर यांच्यात मला काही फरक दिसला नाही. पोरांना अजून कुणी सांगितलेलं नाही की नाटक बसून बघायचं असतं.

एकांकिकांच्या रात्री मात्र आबा आले, कारण त्यातली एक बाजारातल्याच पोरांनी बसवली होती. रात्रीची गाडी यायची वाट बघणारे दोन माथाडी, गोणींवर बसून बोलतात, एवढंच. लिहिली चांगली होती. गाडी येत नाही, आणि बोलणं मुकादमावरून गावाकडच्या वाटणीवर जातं, तिथून बापाच्या आजारावर, तिथून परत गाडीवर. पोरांना हे बोलणं घरातनंच मिळालेलं, त्यामुळं कुठं खोटं वाजलं नाही. मला आवडली. बाहेर आल्यावर आबांना विचारलं. “ब्येस,” म्हणाले. थोडं चालल्यावर म्हणाले, “गोनी रिकामी व्हती.” मी म्हटलं, आबा, नाटकात भरलेली कशी आणतील? “तसं न्हवं. पन्नास किलो पाठीव घेतल्याव माणूस मान वर करून बोलत न्हाई. तो पोरगा बोलला. गोनी रिकामी आसंना, पाठ भरल्याली पायजे.” अभिनयावर मी शिबिरं केली आहेत. कुणी इतकं थोडक्यात सांगितलं नव्हतं.

पाठ भरलेली असणं म्हणजे काय, ते मी ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’त पाहिलं होतं, त्या डिसेंबरच्या काही वर्षं आधी. राजकुमार तांगडेंनी लिहिलेलं, नंदू माधवांनी बसवलेलं, संभाजी भगतांची संकल्पना आणि संगीत. काम करणारी बरीच पोरं जालना जिल्ह्यातल्या गावांतली, कुणी शेती करणारी. यम महाराजांना न्यायला येतो इथून सुरू होणारं नाटक अखेर पोवाड्यांच्या जुगलबंदीपर्यंत जातं. वस्तू मोठी, वादाची, आणि रचना बघाल तर सरळ आपल्या तमाशाची नि जलशाची. ती पोरं गाव ‘करत’ नव्हती. गावातून आली होती आणि म्हणायचं ते म्हणत होती. शहरातल्या थिएटरांत ते नाटक धो-धो चाललं. कुणी म्हटलं नाही की बोली कळत नाही.

तेव्हा मंडळाच्या बैठकीत मी जे सांगितलं ते असं. वग वाशीला न्यावा. नाच कापावा, लढाई अर्धी करावी, सत्कार गेटवरच उरकावेत, पण बतावणीला हात लावू नये. उलट ती वाढवावी. याला आधार आहे. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’नं १९६५ पासून हेच तर केलं. लिहिलेल्या वगात सोंगाड्याला मोकळं रान ठेवलं आणि दादा कोंडके त्या मोकळ्या रानात रोज नवं पीक काढत राहिले. ‘गाढवाचं लग्न’मध्ये दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार संहितेत मावत नव्हता म्हणूनच लोक पुन्हा पुन्हा जात होते. थिएटरात मावत नाही ती बतावणी नव्हे. नमनवाल्यांनी आपली मावशी कापली आणि स्पीकर ठेवला. पैसे जमले, पण पुढच्या वर्षी त्याच प्रवेशिका खपवताना पोरांना जड जाणार.

फक्त एक अट घातली. बतावणीत गावची सोसायटी, तलाठी, पाण्याची पाळी हे राहू देच, पण वाशीला करायची तर त्यात वाशी आली पाहिजे. रात्री दोनला उतरणारी गाडी, तोलाई, कोपरखैरण्याच्या घरांवर चढवलेले मजले, “हो” आणि “व्हय” मधला फरक. तात्यांनी ते ऐकून घेतलं. म्हणाले, “म्हंजी मला पुन्ना बाजारात यून बसाया पायजे, आठ दिस.” ते खरंच आले. कांदा-बटाट्याच्या गाळ्यात एका गोणीवर बसून राहायचे, काही न बोलता. सहाव्या दिवशी रात्री जेवताना त्यांनी दलाल आणि टेम्पोवाला यांच्यातलं एक बोलणं करून दाखवलं, दोन्ही आवाजांत. आबांना ठसका लागला.

मग मार्च आला आणि सगळंच बंद झालं. त्या वर्षी यात्रा झाली नाही, पुढच्या वर्षीही नाही. गण म्हणणारे दोघं त्या काळात गेले. वगाची वही मास्तरांच्या मुलाकडं आहे, पण तिच्यात बतावणीच्या जागी ‘बतावणी’ एवढा एकच शब्द लिहिलेला आहे. आता भाचा तात्यांच्या शेजारी मोबाइल ठेवून बसतो. तात्या मोबाइलपुढं काही केल्या खुलत नाहीत. समोर दुसरा सोंगाड्या लागतो म्हणतात, मग आबांना बसवावं लागतं, आणि आबा मावशीच्या आवाजात मध्येच शिरतात की रेकॉर्डिंगचे तीन तेरा.

मंडळानं यंदा विषय परत काढला आहे. पोरं अडीच तास म्हणतात. तात्या पाचाच्या खाली येत नाहीत. मी पावणेचार सुचवून पाहिले, तर दोन सत्रं जोडून घ्यावी लागतील आणि भाडं दुप्पट बसेल असा हिशेब निघाला. दुप्पट भाडं भरायचं तर प्रवेशिका किती रुपयांची ठेवायची, यावर येत्या रविवारी बैठक आहे.